गेरीत नऊवारी : चापूनचोपून की नुसती धमाल?

रामबागकर
इंदूरच्या रंगपंचमीच्या गेरीत, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, यंदा आमच्या मंडळातले काही पुरुष साडी नेसून उतरणार आहेत. एक गट म्हणतो, नऊवारी व्यवस्थित नेसा, दाढी-मिशी काढा, बघणारा क्षणभर फसला पाहिजे. दुसरा म्हणतो, राजवाड्यासमोर मिसाइलचं, म्हणजे रंगाचं पाणी उंच उडवणाऱ्या यंत्राचं, पाणी बसलं की सगळे सारखेच. पाचवारी गुंडाळा आणि निघा. माझं मत असं की मिशी ठेवा, पण नेसणं चोख हवं. झुपकेदार मिशी आणि खाली निरी न् निरी जागेवर, यातच गंमत आहे. दोन्ही ढिलं असलं तर हसण्यासारखं उरतं काय?

काष्टा_पक्का
नऊवारीच, यात वादच नको. पाचवारीखाली परकर येतो. तो भिजला की मांड्यांना चिकटतो आणि पाऊल अडतं. शिवाय साडीचा पन्हा साधारण 45 ते 48 इंच. उंच माणसाने ती नाभीच्या वर खोचली की खाली आखूड पडू शकते. नऊवारी मुळातच आखूड दिसते, म्हणून उंच माणसाला शोभते.

पुरुषाची साडी खाली घसरते, कारण कंबर आणि नितंब जवळजवळ सरळ रेषेत असतात. आत गुडघ्यापर्यंतची घट्ट सायकल शॉर्ट घाला, तिच्यावर कमरेभोवती पातळ पंचा गुंडाळून रुंद नाडीने बांधा. गाठ नाभीच्या दोन बोटं वर. मग पदर डाव्या खांद्यावर मोजून पिन लावा, आणि उरलेल्या कापडाच्या निऱ्या घाला. पुष्कळजण निऱ्या आधी घालतात आणि पदर कोपरापर्यंतच पोचतो. निऱ्यांचा मधला काठ पायांमधून मागे ओढा, पण खोवण्याआधी एकदा उकिडवे बसा. बसताना जेवढं कापड लागेल तेवढी ढील ठेवून काष्टा खोचा आणि दोन मोठ्या पिना नाडीत धरून लावा. ही ढील ठेवली नाही तर पहिल्या ठुमक्यालाच काष्टा सुटतो.

कापड जुनं, धुतलेलं सुती. सिंथेटिक पाणी धरत नाही, पण गाठ सरकते. सुतीची गाठ भिजल्यावर उलट आवळते. कांजी असलेली कोरी साडी ओली झाली की कडकपणा जातो आणि निऱ्या लोळतात.

सराफा_रात्री_दोन
अरे भिया, हे लग्नाचं रुखवत नाही, गेर आहे! टँकर येतात, गुलाल तोफेने उडतो, एवढ्या गर्दीत पंचा, नाडी, पिना, पन्हा कोण बघणार? पुरुषाने साडी नेसली हाच विनोद आहे. तो थोडा वेडावाकडाच चांगला. चोख नेसली तर लोक निऱ्यांचं कौतुक करतील, हसणार नाहीत.

शिवाय पिना ही मला चूक वाटते. त्या रेट्यात पिन उघडली तर शेजारच्याला टोचेल. पिना न लावता, पदर कमरेला खोचून वर ओढणी आवळून बांधा.

नेपथ्यवाला
पदराच्या पिनेबाबत सराफा बरोबर आहे. खांद्यावर पिन हवीच असेल तर ब्लाउजच्या आतून कापडाचा दुहेरी तुकडा धरून लावावी, नाहीतर ओढ बसली की ब्लाउज फाटतो.

पण वेडंवाकडं नेसणं म्हणजे विनोद, हे मान्य नाही. आपल्याकडे पुरुषाने साडी नेसण्याच्या दोन वाटा आहेत. एक संगीत नाटकात स्त्रीभूमिका करणाऱ्या बडोद्याच्या भाऊराव कोल्हटकरांची, पुढे बालगंधर्वांची. तिथे कोणी हसत नव्हतं. बालगंधर्वांचं नेसणं बघून बायका साड्या निवडत. दुसरी तमाशातल्या गवळणीच्या मावशीची. मावशीवर माणसं पोट धरून हसतात, पण तिची साडी नीटच असते. हशा येतो तो तिच्या बोलण्याने आणि कृष्णाशी घातलेल्या हुज्जतीने. आपल्या माळव्याच्या माच या लोकनाट्यातही बाईची पात्रं पुरुषच करत आले. गेरीसाठी मावशीचीच वाट घ्या.

मेकअपचा विचार तर सोडाच. रंग नंतर सुटावा म्हणून अंगाला तेल लागतं, आणि तेलावर पॅनस्टिकचा नाटकी मेकअप टिकत नाही. कोरड्या कार्यक्रमात दाढीची निळसर झाक आधी नारिंगी रंगाने मारून मग फाउंडेशन लावतात. इथे टिकली आणि चापाची नथ एवढंच ठेवा. दाढी आदल्या रात्री. सकाळी केली तर गुलाल आणि घाम झोंबतो.

सूतगुंडी
दादा, बायकांच्या बाजूने दोन गोष्टी. काचेच्या बांगड्या अजिबात नकोत. गर्दीत फुटल्या की मनगट कापतं. प्लास्टिकच्या घ्या, पुरुषाच्या पंजाला दोन-आठ नाहीतर दोन-दहा लागतील. ब्लाउज बायकोचा ओढूनताणून घालू नका, खांदे 17-18 इंच असतात, तो मुंढ्यात उसवतोच. ताणणारा होजिअरीचा घ्या. आतलं भरणं स्पंजाचं केलंत तर ते पाणी पिऊन पोटापर्यंत उतरेल. नसलेलं बरं.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची. साडी नेसली की टाळ्या वाजवायच्या, आवाज काढायचा आणि कंबर मुरडत पैसे मागायचे, हे करू नका. ती नक्कल बायकांची नाही, किन्नरांची आहे. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांची वेगळी ओळख मान्य केली, तरी रस्त्यावर त्यांची टर उडतेच. त्यात आपल्या मंडळाने भर का घालावी?

सराफा_रात्री_दोन
टाळीचं पटलं, ताई. पण मग चालही सरळ, साडीही चोख, मेकअप नाही, तर गेरीत हे पुरुष करणार काय? ठुमकाही बंद?

सूतगुंडी
ठुमका बंद कुठे म्हटलं? मावशीसारखं भांडा. पिचकारीवाल्याला दरडावा, पोह्यांत शेव कमी पडली म्हणून हुज्जत घाला. त्याला नक्कल लागत नाही, जीभ लागते.

काष्टा_पक्का
ठुमक्यासाठीच तर ढील ठेवायला सांगितली! पायात पट्ट्याचे सँडल घाला, कोल्हापुरी भिजून फुगते आणि अंगठा सुटतो. मोबाइल वॉटरप्रूफ पिशवीत, नाडीच्या आत. घरून निघण्याआधी लघवीला जाऊन या, कारण ओला काष्टा सोडून पुन्हा खोचणं एकट्याच्याने होत नाही.

रामबागकर
मिशी राहील, टाळी नाही, मेकअप नाही. पिनांवर अजून एकमत नाही. शनिवारी अंगणात पाण्याचा पाइप लावून दोघांची परीक्षा घेऊ : एक पिनांचा, एक ओढणीचा. ज्याचा काष्टा टिकेल त्याची पद्धत.