व्हर्मीरचं डेल्फ्ट: जसं होतं तसं, की हवं तसं?

शिसपेन्सिल
डच चित्रकार योहानेस व्हर्मीरचं, त्याच्या डेल्फ्ट गावाचं चित्र 'डेल्फ्टचं दृश्य' (साधारण १६६०-६१, सध्या हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयात) कुणीही दाखवलं की पहिली दाद ठरलेली: "अगदी फोटो!" मला ही दाद चित्रकाराचा अपमान वाटते.

जेमतेम मीटरभर उंचीचा कॅनव्हास आणि त्यातलं अर्ध्याहून जास्त नुसतं आभाळ. वर काळपट ढग. त्याच्या सावलीत पाणी, तटबंदी आणि दोन वेशी, म्हणजे जवळचं सगळंच. ऊन पडलंय ते मागे, काही छपरांवर आणि नव्या चर्चच्या मनोऱ्यावर. त्यामुळे नजर काठावर रेंगाळत नाही, वेशीतून थेट गावात शिरते. स्पेनविरुद्धच्या डच बंडाचा नेता विल्यम ऑफ ऑरेंज याची कबर त्याच चर्चमध्ये आहे. ऊन नेमकं तिथेच कसं पडलं?

खवचट_काका
सूर्य तिथे होता म्हणून! डोनाल्ड ओल्सन या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाच्या गटाने २०२० मध्ये मनोऱ्यावरच्या ऊन-सावलीवरून हिशोब मांडला: १६५९ च्या सप्टेंबरची ३ किंवा ४ तारीख, सकाळी आठचा सुमार. मनाने रंगवलेल्या उन्हाची तारीख निघते का हो?

शिसपेन्सिल
मनोरा निरखून काढलाय, कबूल. बाकीच्याचं काय? रॉटरडॅम वेशीची प्रतिबिंबं त्याने नंतर खाली ओढून चित्राच्या कडेपर्यंत आणलीत, हे क्ष-किरणांत दिसतं. पलीकडचं गाव अलीकडच्या वाळूला बांधून टाकायला, दुसरं काय! त्या वाळूवर दोन बायका बोलत उभ्या आहेत ना, त्यांच्याजवळ एक पुरुषही होता. रंग फासून घालवला बिचाऱ्याला.

निवांत
तुमचं ऊन चालू द्या, मला ढिगारे कुठे गेले ते सांगा. १२ ऑक्टोबर १६५४ ला याच डेल्फ्टमध्ये दारूगोळ्याचं कोठार उडालं. गावाचा मोठा भाग भुईसपाट झाला, चित्रकार कारेल फाब्रिटियस त्यात गेला. पाच-सहा वर्षांनी व्हर्मीर काय दाखवतो, तर न्हाऊनमाखून बसलेलं शहर. एग्बर्ट फान डेर पूल तीच पडझड पुन्हापुन्हा रंगवत राहिला. हात व्हर्मीरइतका नसेल त्याचा, पण मला तोच खरा वाटतो.

खवचट_काका
निवांतराव, कोठार ईशान्येला आणि हे दृश्य दक्षिणेकडून. ढिगारे दिसणार कुठून?

निवांत
मग दक्षिणेलाच का जाऊन उभा राहिला?

ओलावा
हा प्रश्न आवडला. पण सगळे लांबूनच भांडताय, जरा जवळ या. उजवीकडे हेरिंग मासे धरायच्या होड्या आहेत. त्यांच्या अंगावर फिकट रंगाचे बारीक गोल ठिपके आहेत, ओल्या लाकडावर पाणी चमकावं तसे. कॅमेरा ऑब्स्क्युरा (भिंगातून समोरच्या दृश्याची प्रतिमा पडद्यावर पाडणारी अंधारी पेटी) वापरल्याचा पुरावा म्हणून हेच ठिपके दाखवतात. पण त्या भिंगातून असे ठिपके दिसायला लख्ख ऊन लागतं, आणि होड्या तर सावलीत! म्हणजे उपकरण वापरलं असेल-नसेल, हे ठिपके त्याने हौसेने टाकलेत. तसंच डावीकडची लाल छपरं. तिथला रंग इतका खरबरीत की कौलांवर बोट फिरवावंसं वाटतं. (फिरवू नका.)

खवचट_काका
ठिपके दिले तुम्हाला. वेळ मात्र देणार नाही.

शिसपेन्सिल
वेळेचंच घ्या मग. वेशीवरच्या घड्याळात सात वाजून गेलेत असं लोक कित्येक वर्षं वाचत आले. तुमचे ओल्सन म्हणतात आठ. फोटोतल्या घड्याळावरून कधी भांडण झालंय?

खवचट_काका
त्या काळच्या घड्याळांना मिनिटकाटा नसायचा सहसा. वाचणारे चुकले, त्यात व्हर्मीरचा काय दोष?