जाळ अन् धूर संगटच! परवडणाऱ्या वेगवान गाड्या आणि जुन्या स्पोर्ट्‌स कार: तुमचे अनुभव सांगा

कोल्हापुरात गाडीचा नाद राजवाड्यातून आला की उद्यमनगरातल्या कारखान्यांतून, यावर रंकाळ्याच्या कट्ट्यावर रात्रभर भांडता येईल. दसऱ्याला छत्रपती घराण्याची मेबॅक दसरा चौकात येते, तेव्हा सोनं लुटायला आलेली निम्मी पोरं गाडीच बघायला आलेली असतात. पण हा धागा तसल्या गाड्यांचा नव्हे. पगारात किंवा उसाच्या बिलात बसणारी, तरीही ॲक्सिलरेटर दाबला की पोटात गोळा आणणारी गाडी तुमच्याकडं असेल तर लिहा. जुन्या स्पोर्ट्‌स कारची आठवण असेल तर ती नुसती लांबून बघितलेली असली तरी चालेल. सर्व्हिस सेंटरची उणीदुणी मात्र इथं नकोत, त्याला जागा पुरणार नाही.

सुरुवात मीच करतो. माझी पोलो जीटी टीएसआय, २०१३ ला आली तेव्हाचं मॉडेल. १.२ लिटरचं इंजिन, १०५ हॉर्सपॉवर. कागदावर यात विशेष काही नाही. गंमत आहे ती १७५ न्यूटन मीटरच्या टॉर्कची, म्हणजे चाकं फिरवणाऱ्या पिळाची, जो दीड हजार आरपीएमलाच (इंजिनच्या मिनिटाला दीड हजार फेऱ्यांना) हातात येतो. वाघबीळला पन्हाळ्याच्या रस्त्याला वळलो की चढावर दुसऱ्या गाड्या गिअर टाकत बसतात, ही नुसती सरकत वर जाते. वेग म्हणजे काट्यावरचा आकडा नव्हे, चढाला मिळणारी ओढ, असं माझं ठाम मत आहे. वाद घालायला मोकळीक आहे.

मंगळवार पेठेतले निवृत्त शिक्षक

मी गाडी कधीच घेतली नाही, आयुष्य सायकल आणि एसटीवर गेलं. पण लहानपणी जयप्रभा स्टुडिओच्या भिंतीलगत एक लाल, उघडी, दोन सीटची गाडी बघितली होती. मुंबईहून शूटिंगला आलेल्या कुणाची तरी असावी. ती एमजी टीडी होती, हे फार वर्षांनी मासिकातल्या फोटोवरून कळलं. दाराच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला, त्यामुळं दार उलटं उघडायचं. दाराचा वरचा भाग खोलगट कापलेला, म्हणजे चालवणाऱ्याचं कोपर आपोआप बाहेर. पुढची काच बॉनेटवर आडवी पाडता यायची. मागं पेट्रोलची टाकी आणि तिच्यावर उभं बांधलेलं स्टेपनीचं चाक. आम्ही पोरं मडगार्डला हात लावून पळायचो. ड्रायव्हर ओरडायचा, पण मनापासून नाही.

(काका, ही १९५० ते ५३ मधली गाडी. १,२५० सीसी आणि अवघी ५४ हॉर्सपॉवर! आजची अल्टो के१० सुद्धा ६७ ची आहे. तरी हिला स्पोर्ट्‌स कार म्हणायचं आणि अल्टोला नाही, याचं उत्तर त्या कापलेल्या दारात आहे.)

इचलकरंजी, यंत्रमागवाला

पॅलिओ १.६ जीटीएक्स. जाहिरातीत सचिन होता, पण आम्ही सचिनसाठी घेतली नाही, १०० हॉर्सपॉवरसाठी घेतली. तीसुद्धा जुनी, एका डॉक्टरांकडनं. त्या काळात एवढ्या पैशात एवढी ताकद दुसरी कुठली नव्हती. दार लावलं की तिजोरी लावल्यागत आवाज. हायवेला तिसऱ्यात ओढली की मागं बसलेले मेव्हणे गप्प. ॲव्हरेज विचारू नका, नाद म्हटल्यावर ॲव्हरेज विचारायचं नसतंय.

ताराबाई पार्क, प्राध्यापिका

सगळे ताकदीबद्दल लिहिताहेत म्हणून मुद्दाम झेनबद्दल लिहिते. आमच्याकडं बाबांनी घेतलेली मारुती झेन होती, कार्बोरेटरवाली. ९९३ सीसी, ५० हॉर्सपॉवर. आता हे वाचून कुणी हसेल. पण इंजिन ॲल्युमिनियमचं, गाडी जेमतेम साडेसातशे किलोच्या आसपास, बसायची जागा इतकी खाली की रस्ता कमरेखालून वाहतोय असं वाटायचं. पॉवर स्टिअरिंग नव्हतं. बाजारात पार्किंग करताना हात भरून यायचे, पण गगनबावड्याच्या पुढं करूळ घाट उतरताना त्याच स्टिअरिंगमधून रस्त्यातला प्रत्येक खडा हाताला कळायचा. आज माझ्याकडं दुप्पट ताकदीची गाडी आहे. तिच्यात घाट उतरताना मी गाणी ऐकते. झेनमध्ये गाणी लावायची आठवणच यायची नाही.

आई शेजारी बसून वरचं हँडल घट्ट धरायची आणि "हळू गं बाई, वैभववाडी कुठं पळून जात नाही" म्हणायची. काटा साठच्या पुढं गेलेला नसायचा. हलक्या, बुटक्या गाडीत साठसुद्धा शंभरासारखे वाटतात, ही त्यातली खरी स्वस्ताई.

(ताईंचा अनुभव मला सगळ्यात आवडला. माझ्या टॉर्कच्या सिद्धांताला यानं धक्का बसतो, पण असू दे.)

कागल

आमच्या पाव्हण्यांची काँटेसा, १.८ इसुझू इंजिनवाली, पाच गिअरची, पांढरी. साखर कारखान्याच्या माणसाला शोभेल अशी. मागच्या चाकांना ताकद देणारी गाडी. पावसात उसाच्या ट्रॅक्टरनं सांडलेल्या चिखलावर मागचा भाग कसा झुलतो ते एकदा बघितलेलं माणूस विसरत नाही. स्पोर्ट्‌स कार नव्हे, मान्य. पण तिच्या बॉनेटची लांबी बघून आम्ही ठरवून टाकलं होतं की हीच.

शिरोली एमआयडीसी, फाउंड्रीत

गाडी चालवायचा अनुभव कमी, ओतायचा जास्त. आमच्याकडं सिलिंडर ब्लॉक आणि हेडचं कास्टिंग होतं. लोकांना इंजिन म्हणजे पिस्टन आणि टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) एवढंच दिसतंय. आम्हाला दिसतो तो कोअर. ब्लॉकच्या आत पाणी फिरायला जी पोकळी असते, ती आधी वाळूची बनवायची, साच्यात बसवायची, भोवती वितळलेलं लोखंड ओतायचं आणि थंड झाल्यावर ती वाळू फोडून, झाडून काढायची. कोअर जरा सरकला तर एका बाजूची भिंत जाड, दुसरी पातळ. पातळ बाजू कमजोर राहते, आणि टर्बो लावून दाब वाढवला की नेमकं तिथंच दुखणं.

लोखंडाचा ब्लॉक जड खरा, पण दाब सोसतो, बोअर करून, म्हणजे झिजलेलं सिलिंडर आतून कोरून, पुन्हा वापरता येतो. ॲल्युमिनियम हलकं, उष्णता लवकर सोडतं, म्हणून पुढचा भाग हलका होऊन गाडी पटकन वळते. वरच्या ताईंच्या झेनचं गुपित त्यातच आहे. रिमॅप करून, म्हणजे इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून, वीस-पंचवीस हॉर्सपॉवर वाढवणाऱ्या पोरांना माझं एवढंच म्हणणं: लॅपटॉपवर आकडा वाढतो, भिंतीची जाडी वाढत नाही.

जयसिंगपूर

अबार्थ पुंटो. २०१५ ला दहा लाखांच्या आत, दिल्ली एक्स-शोरूम, १४५ हॉर्सपॉवर आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक. दोन हजार आरपीएमच्या खाली झोपलेली, वर गेली की नाद खुळा. घरच्यांना अजून वाटतंय की साधी पुंटोच आहे, फक्त स्टिकर जास्त.

राजारामपुरी

गोव्यात तयार झालेली सॅन स्टॉर्म कुणाला आठवते का? फायबरची बॉडी, दोन सीट, १,१४९ सीसीचं रेनॉचं इंजिन, ६० हॉर्सपॉवर. गोव्याला जाताना एकदा समोरून आली आणि आमच्या सुमोतले सगळे एका बाजूला झुकले. ताकद फार नव्हती, पण भारतात बनलेली उघडी दोन सीटची गाडी ती. एवढं पुरे.

विद्यार्थी, शिवाजी विद्यापीठ परिसर

सहा लाखांत जुनी गाडी घ्यायची आहे, वेगवान. टियागो जेटीपी शोधतोय. ११४ हॉर्सपॉवर, कोइमतूरच्या जयेम कंपनीनं टाटाबरोबर केलेली. घेऊ का? आणि घेतल्यावर पहिल्यांदा काय बदलू?

उद्यमनगर, मेस्त्रींचा मुलगा

भावा, मिळाली तर घे, थोड्याच निघाल्या. पण घेताना मोठा स्क्रू ड्रायव्हर घेऊन ये. टोक इंजिनच्या हेडवर ठेवायचं, मूठ कानाला लावायची. आमचे वडील असंच ऐकतात. टॅपेटचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाचा) आवाज बारीक टिकटिक, बेअरिंगचा जाड घुरघुर. टर्बोच्या होजला आतून तेल किती लागलंय ते बोट फिरवून बघ. थोडं ओलं चालतंय, थेंब पडत असला तर खाली उतर.

बदलायचं म्हणशील तर आधी टायर, मग ब्रेक पॅड, मग ब्रेक ऑइल. पैसे उरले तरच सायलेन्सरचा विचार. आणि तोसुद्धा करू नको. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये मनाला येईल तसा बदल बसत नाही, उद्या अपघात झाला तर विमावाले पहिला तोच फोटो काढतील. पळवायचीच असेल तर हुपरीकडं मोहित्यांचा गो-कार्टिंग ट्रॅक आहे, तिथं जा. आपल्या कोल्हापूरचा कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्री शर्यतींपर्यंत गेला, तो काय विद्यापीठ रोडवर कट मारून नाही.

गाडी बघायला जाशील तेव्हा सकाळी जा, इंजिन थंड असताना. मालकानं आधीच गरम करून ठेवली असली तर चहा पी आणि परत ये.