उत्तर: नव्या टाकीतलं दुधाळ पाणी आणि गोगलगायी

तुम्ही विचारलंय की माशांच्या नव्या टाकीतलं पाणी दहा दिवसांत दुधाळ झालंय आणि गोगलगायीही दिसू लागल्यात, तर काय करावं. दहा दिवसांच्या टाकीत पाणी दुधाळ होणं म्हणजे बहुधा जिवाणूंची वाढ, ते आपोआप निवळतं. आधीच्या एका उत्तरात कुणीतरी सगळं पाणी बदलायला सांगितलंय, ते कृपया करू नका. दोन फुटी टाकीत साधारण ५५ लिटर पाणी मावतं. त्यातलं १२-१४ लिटर, म्हणजे एक बादली, दोन दिवसांआड बदला. नळाचं पाणी क्लोरीनयुक्त असतं, म्हणून बादलीतच अँटी-क्लोरीन (क्लोरीन घालवणारं औषध) घाला, मात्रा बाटलीवर असते. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुवू नका, नाहीतर अमोनिया (माशांच्या घाणीतून बनणारं विष) पचवणारे जिवाणूच क्लोरीनने मरतात. काढलेल्या पाण्यात हलका पिळा. अमोनिया आणि त्यापासून बनणारं, तेही विषारीच, नायट्राइट दोन्ही चाचणीत शून्य यायला चार ते सहा आठवडे लागतात, तोवर नवे मासे नकोत. मुंबईच्या उकाड्यात पाणी ३० अंशांवर गेलं की अमोनिया जास्त विषारी होतो आणि ऑक्सिजनही घटतो, त्यामुळे एअर पंप रात्रीही चालू ठेवा.

गोगलगायी बहुधा झाडांबरोबर अंड्यांतून आल्या असणार. पानाखाली पारदर्शक जेलीचे ठिपके दिसले की खरवडून काढा. त्या वाढतात उरलेल्या खाण्यावर, म्हणून दोन मिनिटांत संपेल एवढंच घाला. रात्री काकडीची चकती ठेवा, सकाळी गोगलगायींसकट उचला. गोगलगायी मारणारं तांब्याचं औषध मात्र अजिबात नको: एकदम मेलेल्या गोगलगायी सडून अमोनिया उसळतो, कोळंब्याही मरतात.

मुद्दाम पाळलेल्या गोगलगायींचं कवच पांढरं, खड्डेदार होत असेल तर पाणी बहुधा मऊ, म्हणजे कॅल्शियम कमी असलेलं आहे. पक्ष्यांच्या दुकानातला समुद्रफेसाचा (कटलफिशच्या हाडाचा) तुकडा टाकीत सोडा, त्यातून कॅल्शियम मिळतं.