मदत हवी आहे: पाओलो कोंतेची कोणती गाणी ऐकवू?

मंडळी, आमच्या श्रवण-गटात पुढची पाळी माझी आहे. वेळ एक तास. मी इटालियन गायक-संगीतकार पाओलो कोंते घ्यायचं ठरवलंय आणि आता जरा धाकधूक वाटतेय. गटातले बहुतेक जण भावगीतांवर वाढलेले. शब्द कळले नाहीत की चुळबुळ सुरू. इटालियन कुणालाच येत नाही.

माणूस मात्र सांगण्यासारखा आहे. जन्म १९३७, उत्तर इटलीतलं आस्ती. वडील नोटरी, हा स्वतः वकील. पियानो आणि जॅझचं वेड पहिल्यापासून, पण गाणी करायचा ती दुसऱ्यांसाठी. गायक आद्रियानो चेलेन्तानोनं १९६८ साली गाजवलेल्या 'आझ्झुर्रो' या गाण्याची चाल याची. स्वतःच्या आवाजातला पहिला अल्बम थेट १९७४ मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी! आवाज घोगरा, खर्जातला. गातोय की गप्पा मारतोय कळत नाही. मला तेच आवडतं, पण किराणा-ग्वाल्हेर ऐकणाऱ्या काकांना आवडेल का?

तर, सुरुवात कुठल्या गाण्यानं करू? आणि शब्दांचा अर्थ आधी सांगू की नंतर?

प्रतिसाद १:
'आझ्झुर्रो'नेच करा. आधी चेलेन्तानोचं, लगेच कोंतेनं मैफलीत गायलेलं. काकांना चाल ओळखीची झाली की आवाज आपोआप पचतो. मग १९८१च्या 'पॅरिस मिलोंगा' अल्बममधलं 'व्हिया कोन मे'. त्याचं पालुपद इंग्रजीत आहे, सगळे डोलतील.

अर्थ सगळ्या गाण्यांचा सांगत बसू नका, व्याख्यान होईल. दोनच सांगा. 'जेनोव्हा पेर नोई' म्हणजे आतल्या मुलखातल्या माणसांना जेनोव्हा या बंदराच्या शहराची वाटणारी ओढ आणि धास्ती. आस्तीला समुद्र नाही हे आधी सांगितलंत की पुरे. दुसरं 'बार्ताली'. जीनो बार्ताली सायकलपटू, १९३८ आणि १९४८ची टूर द फ्रान्स जिंकलेला. मध्ये युद्ध आलं, दोन विजयांत दहा वर्षांचं अंतर. गाण्यातला माणूस रस्त्याकडेला त्याची वाट बघत बसलाय. एवढं कळलं की पियानोवरचं कोंतेचं खट्याळपण कळतं.

प्रतिसाद २:
काझू विसरू नका! तोंडानं वाजवायची ती पिपाणी हा भारदस्त गृहस्थ भर मैफलीत वाजवतो. २०२३ मध्ये, शहाऐंशीव्या वर्षी, मिलानच्या ला स्काला या नामांकित ऑपेरागृहात गायलाय हेही सांगा.

धागाकर्ता:
दोघांचे आभार. 'बार्ताली' नक्की. पण ते मैफलीतलं घेऊ की स्टुडिओतलं?