‘ठेवलं’, ‘दाखल केलं’, ‘आपणहून गेलो’ : मानसिक उपचारांच्या मराठीतली क्रियापदं

पायवाट
(मूळ प्रश्न)

नमस्कार. एका शब्दापाशी आमचं काम दोन आठवडे अडलंय. आम्ही काही जण मिळून २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याची चार पानी पत्रिका तयार करतोय. ती आशाताई, बचत गटातल्या बायका, शाळामास्तर यांच्या हातात द्यायची आहे.

ज्याला स्वतःलाच वाटतं की आपल्याला राहून उपचार घ्यायला हवेत, असा सज्ञान माणूस या कायद्याप्रमाणे थेट जाऊन तसं सांगू शकतो. डॉक्टरांनी तपासून गरज आहे असं ठरवलं आणि तो हे समजून-उमजून, कुणाच्या दबावाशिवाय मागतोय अशी त्यांची खात्री झाली, की नातेवाइकाची सही लागत नाही. त्याने समजून दिलेल्या संमतीशिवाय त्याच्यावर उपचार करता येत नाहीत. आणि त्याने ‘मला जायचंय’ म्हटलं तर जाऊ द्यावं लागतं. ठरावीक परिस्थितीत, तपासणीपुरतं, फार तर २४ तास थांबवता येतं.

इंग्रजी संज्ञेचं शब्दशः मराठी ‘स्वतंत्र प्रवेश’ होतं. पहिला मसुदा वाचून आमच्या गटातल्या एका मावशींनी विचारलं, “म्हणजे वेगळ्या दारातून आत घेतात का?” तो शब्द तिथेच खोडला. ‘ऐच्छिक’ म्हटलं तर शाळेतला ऐच्छिक विषय आठवतो, घेतला तर घेतला. ‘स्वेच्छा’ मला आधी आवडला होता. मग लक्षात आलं की हा शब्द आज मराठीत दोनच ठिकाणी ठळकपणे भेटतो : स्वेच्छानिवृत्ती आणि स्वेच्छामरण. ज्याच्या मनात आधीच मरणाचे विचार घोळत असतील त्याच्या हातात तो शब्द मी देणार नाही.

माझ्या भावाला बऱ्याच वर्षांपूर्वी एका रुग्णालयात ‘ठेवलं’ होतं. घरात अजून तोच शब्द आहे. तो समोर बसलेला असला तरी आई म्हणते, “याला ठेवलं होतं तेव्हा…” आणि तो उठून आत जातो. म्हणून विचारते, माणूस स्वतः कर्ता राहील असं यासाठी मराठीत काही आहे का?

ओसरी

ताई, तुमचं उत्तर तुमच्या शेवटच्या परिच्छेदातच आहे. नाम बाजूला ठेवा, क्रियापदाकडे बघा.

हृदयविकारासाठी माणूस ‘अ‍ॅडमिट होतो’. बाळंतपणासाठी बाई ‘दवाखान्यात जाते’. मोतीबिंदूचं ऑपरेशन माणूस ‘करून घेतो’. मनाच्या आजारात मात्र त्याला ‘ठेवतात’, ‘टाकतात’, ‘भरती करतात’, ‘पोचवून येतात’. येरवड्याला ठेवलं, ठाण्याला टाकलं, रत्नागिरीला पोचवलं, नागपूरला नेलं. राज्यातली चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं या चार गावांत आहेत. तिथल्या लोकांनी काही न करता त्यांच्या गावांची नावं टोमणे होऊन बसली. सामान जसं ठेवतात, टाकतात, पोचवतात, तीच ही क्रियापदं. त्यांत माणूस नेहमी कर्म असतो.

‘दाखल’ हा अरबी-फारसीतून आलेला शब्द, अर्थ आत शिरलेला. ‘पाहुणे दाखल झाले’ म्हणताना तो निरोगी आहे. पण रोजच्या बातम्यांत ‘गुन्हा दाखल’, ‘तक्रार दाखल’ इतकं झालंय की ‘रुग्णाला दाखल केले’ वाचताना चौकीची सावली पडतेच.

मी ‘आपणहून’ किंवा ‘स्वतःहून’ सुचवेन. त्यातला ‘हून’ पाहा. घराहून, गावाहून, पुण्याहून : निघण्याची जागा दाखवणारा प्रत्यय. ‘स्वतःहून’ म्हणजे जिथून पाऊल निघालं ती जागा माणूस स्वतःच. कायद्याला जे म्हणायचंय ते या एका प्रत्ययात आलं. ‘आपणहून उपचारासाठी राहणे’ असं लिहा. ‘प्रवेश’ कॉलेजसाठी राहू द्या.

सनद

ओसरी यांचा ‘आपणहून’ आवडला, पण वकील म्हणून एक विनंती. हा एकच मार्ग आहे असा समज पत्रिकेतून होऊ देऊ नका. माणसाला निर्णय घेण्यासाठी फार मोठ्या आधाराची गरज असते, स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असतो, तेव्हा त्याने नेमलेल्या प्रतिनिधीच्या अर्जावरून दाखल करण्याची वेगळी तरतूद आहे. तिला ३० दिवसांची मर्यादा आहे, पुढे वाढवायचं तर आणखी अटी. त्याच्या मर्जीविरुद्ध काही घडलं तर तो मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे दाद मागू शकतो, हेही लिहा. लोकांना गोड चित्र दाखवलं आणि प्रसंगी वेगळं घडलं, तर पुन्हा कोणी आपणहून जाणार नाही.

दोन शब्द पत्रिकेत हवेतच. पहिला, बरं असताना लिहून ठेवायचा कागद : पुढे कधी माझी अवस्था बिघडली तर मला कसे उपचार हवेत, कसे नकोत, माझ्या वतीने कोणी बोलावं. ‘आगाऊ निर्देश’ हे भाषांतर रुक्ष आहे. ‘इच्छापत्र’ म्हटलं की लोक मृत्युपत्र समजतात. मी अशिलांना ‘माझं आधीच सांगणं’ असं समजावतो. दुसरा, नामनिर्देशित प्रतिनिधी. एका आजींनी विचारलं, “म्हणजे माझा माणूस?” यापेक्षा चांगलं भाषांतर मला अजून सुचलेलं नाही.

आणि कलम ११५. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र मानसिक ताणाखाली होता असं, उलट सिद्ध होईपर्यंत, गृहीत धरायचं, त्याच्यावर खटला चालवायचा नाही, उलट त्याची काळजी आणि उपचार ही सरकारची जबाबदारी. गावात अजून ‘केस होईल’ या भीतीने लोक दवाखान्यात खरं सांगत नाहीत. हे वाक्य पहिल्या पानावर, मोठ्या अक्षरात घ्या.

मांडवी

गोव्याहून लिहिते. आमच्याकडे १९९६ पासून काम करणारी ‘संगाथ’ ही संस्था आहे, डॉ. विक्रम पटेल तिच्या संस्थापकांपैकी. कोकणीत सांगात म्हणजे सोबत. मराठीत ‘सांगाती’ आहेच, हाताला धरून चालवणारा. संस्थेचं काम नावासारखंच : डॉक्टर नसलेल्या स्थानिक माणसांना शिकवून, नैराश्य असलेल्यांशी ठरवून, नियमित बोलायचं. ‘आधार’, ‘साहाय्य’, ‘पाठबळ’ यांत एक जण वर आणि एक खाली उभा असतो. सांगात देणारा शेजारून चालतो.

करुणेच्या शब्दांबद्दलही सांगते, कारण पत्रिकेत तो लागेलच. ‘अनुकंपा’ सरकारी नोकरीच्या फायलीत गेला. ‘दया’ वरून खाली येते. ‘कीव’ तर अपमानच. ‘कणव’ चांगला आहे, पण आता पुस्तकात राहिलाय. ‘कळवळा’ मात्र जिवंत आहे, कारण त्यात शरीर आहे. पोटात कळ येते तसं दुसऱ्यासाठी काहीतरी होणं.

आणखी एक. लोक दवाखान्यात येऊन ‘मला नैराश्य आहे’ असं क्वचित म्हणतात. ‘टेन्शन’ म्हणतात, ‘झोप नाही’, ‘हातपाय गळतात’, ‘जिवाला घोर लागलाय’ म्हणतात. झिम्बाब्वेत शोना भाषेत यासाठी ‘कुफुंगिसिसा’ असा शब्द आहे, म्हणजे फार फार विचार करत राहणं. डॉ. डिक्सन चिबांडा यांनी हरारेत २००६ मध्ये दवाखान्याच्या आवारात बाक टाकून वस्तीतल्या आज्यांना तिथं बसवलं, तेव्हा त्यांनी हाच शब्द वापरला. पहिल्या पायरीचं नाव ‘कुवुरा फुंग्वा’, मन उघडणं. आजाराचं इंग्रजी नाव शिकवण्याआधी लोकांच्या तोंडचा शब्द घेतला. तुमच्या पत्रिकेत ‘घोर’ येऊ द्या. घोर लागलेली बाई ती वाचेल.

चांदणवेल

पुण्यात स्वमदत गटांत बरीच वर्षं जाते, म्हणून तिथले शब्द सांगते. आजार असलेल्या व्यक्तीला ‘शुभार्थी’ आणि तिची काळजी घेणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणण्याची पद्धत आमच्याकडे रुळली आहे. पार्किन्सन्सच्या गटांतही हे शब्द चालतात. ‘मनोरुग्ण’ म्हटलं की सगळा माणूस आजारात बुडतो. ‘शुभार्थी’ म्हणजे शुभ हवं असलेला, त्यात त्याची इच्छा आहे. माझ्या मुलाबद्दल मी पहिल्यांदा चारचौघांत न रडता बोलू शकले ते या शब्दामुळे.

नाशिक जिल्ह्यातल्या ४१ गावांत २०१३ च्या सुमारास ‘आत्मीयता’ नावाचा उपक्रम झाला होता, पुण्याच्या मानसिक आरोग्य कायदा आणि धोरण केंद्राचा. गावातलेच लोक स्वयंसेवक. त्यांच्यातल्या एका पातळीला नुसतं ‘मित्र’ म्हणत. ‘समुपदेशक’ म्हटलं असतं तर पारावर त्यांच्याशी कोण बोललं असतं? त्या शब्दात उपदेश बसलाय. उपदेश ऐकायला स्वतःहून कोणी जात नाही.

उंबरा

मी दोनदा आत राहून आलोय. पहिल्यांदा नेलं, दुसऱ्यांदा गेलो. हे वाक्य लिहायला मला नऊ वर्षं लागली, त्यामुळे ओसरी यांचा प्रतिसाद वाचताना थांबावं लागलं.

चांदणवेलताई, रागावू नका. ‘शुभार्थी’ तुम्हाला बळ देतो हे मला कळतं, तो तुमच्याकडून काढून घ्यावा असं मी म्हणणार नाही. पण मला तो लागू करताना मला विचारा. मला नाव आहे. ‘आजार असलेला माणूस’ चालेल, तोही लागेल तेव्हाच.

मला दोन क्रियापदांबद्दल बोलायचंय. एक, ‘समजूत काढणे’ आणि ‘समजून घेणे’. अवस्था वाईट होती तेव्हा घरात दिवसभर माझी समजूत काढणं चालू होतं. काका आले, समजूत काढून गेले. मास्तर आले, समजूत काढून गेले. प्रत्येकाला वाटत होतं की माझ्याकडे जे आहे ते काढून त्यांचं घालायचंय. समजून घेणारा एक जण आला, शेजारचा सुतार. “बसू का?” एवढंच विचारलं. बसला. बऱ्याच वेळाने म्हणाला, “कधीपासून हे?” मी रडलो. त्याने थांबवलं नाही. मग त्याने सरळ विचारलं की जीव द्यावासा वाटतोय का. कोणी इतकं स्पष्ट विचारलं नव्हतं. मी हो म्हणालो आणि छातीवरचं काहीतरी हललं. रात्रभर तो थांबला. सकाळी म्हणाला, “जायचं का दवाखान्यात? मी येतो बरोबर. नको असेल तर परत येऊ.” ते ‘नको असेल तर’ नसतं तर मी गेलो नसतो.

दुसरं, ‘ऐकणे’. मराठीत याचे दोन अर्थ आहेत. ‘तो माझं ऐकतो’ म्हणजे कानाने ऐकतो आणि ‘तो माझं ऐकतो’ म्हणजे सांगेन तसं वागतो. पहिल्या वेळी माझ्या कागदावर लिहिलं होतं, ‘रुग्ण ऐकत नाही’. मी सगळं ऐकत होतो. माझंच कोणी ऐकत नव्हतं. स्वयंसेवकांना ‘ऐका’ शिकवताना हा फरक सांगा. ऐकून घेणारा पाहिजे, ऐकायला लावणारे घरात असतातच.

ओसरी

उंबरा, तुमचं पहिलं वाक्य, ‘पहिल्यांदा नेलं, दुसऱ्यांदा गेलो’. मी काल व्याकरण सांगितलं, ते खरं कळलं आज.

सोबत बसण्यावरून आठवलं. बेल्जियमच्या गील गावात मानसिक आजार असलेली माणसं शेकडो वर्षं गावकऱ्यांच्या घरांत राहत आली आहेत. घरातले लोक त्यांना रुग्ण म्हणत नाहीत. त्यांचा शब्द जेवूनखाऊन राहणाऱ्या पाहुण्यासाठीचा आहे. आपल्याकडे गरीब मुलं वार लावून जेवायची, तो आज याच्या ताटावर, उद्या त्याच्या. त्या मुलाला आजाराचं नाव नव्हतं, त्याला वार होता. असा शब्द आपल्याला जवळचा वाटेल.

पायवाट

सगळ्यांचे आभार. काल गटात बसून पहिलं पान पुन्हा लिहिलं. आता ते असं आहे :

“जिवाला घोर लागलाय, झोप येत नाही, जगावंसं वाटत नाही, असं होत असेल तर तुम्ही आपणहून उपचार मागू शकता. राहून उपचार घ्यायचे असतील तर तसंही डॉक्टरांना सांगू शकता. बरोबर तुमचा माणूस नेऊ शकता, पण त्याची सही लागत नाही. जीव देण्याचा प्रयत्न झाला असेल तर डॉक्टरांना खरं सांगा. कायदा तुमच्यावर खटला भरायला नाही, तुमची काळजी घ्यायला सांगतो. आत्ता कोणाशी बोलायचं असेल तर १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर दिवसा-रात्री कधीही, मराठीतूनही बोलता येतं, पैसे पडत नाहीत.”

सनद यांनी सांगितलेली दुसरी तरतूद आणि मंडळाकडे दाद मागण्याचा हक्क दुसऱ्या पानावर आहे. शेवटच्या पानावर शेजाऱ्यांसाठी तीन ओळी आहेत, उंबरा यांची परवानगी घेऊन : बसू का, कधीपासून हे, मी येतो बरोबर.

मसुदा भावाला वाचायला दिला होता. त्याने सगळं वाचलं आणि एका जागी पेन्सिलीने रेघ मारली. ‘बरं वाटल्यावर तुम्हाला घरी सोडतील’ असं आम्ही लिहिलं होतं. त्याने ‘सोडतील’ खोडून वर लिहिलं, ‘तुम्ही घरी याल’.

उंबरा

त्यांना माझा नमस्कार सांगा.