रेने मरी चाळिशीनंतर गायला लागली, त्यात 'खोटी आशा' कुठून आली?

जुई_ठाणे
खर्जसाधक यांनी काल लिहिलंय की चाळिशी उलटलेल्या लोकांना त्या अमेरिकन जॅझ गायिका रेने मरीचं उदाहरण देऊन खोटी आशा दाखवू नका, जॅझ गायला काय लागतं, माईकपुढे हळू आवाजात गुणगुणलं की झालं, आपल्या ख्यालाला मात्र लहानपणापासूनची तालीम लागते. वाचून इतकी चिडचिड झाली की वेगळा धागाच काढतेय.

बाईंचा प्रवास आधी नीट बघा. जन्म १९५५, गाव व्हर्जिनियातलं वॉरेंटन. शाळकरी वयात एका आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) बँडमध्ये गायच्या. अठराव्या वर्षी लग्न, मग यहोवाज विटनेस हा कडक ख्रिस्ती पंथ आणि स्टेजवरचं गाणं बंद. दोन मुलं, बँकेत नोकरी. एकेचाळीस वर्षांच्या झाल्यावर थोरला मुलगा मागे लागला म्हणून परत गायला लागल्या, व्हर्जिनियातल्याच रोआनोकमध्ये, नुसत्या बक्षिशीवर. नवरा म्हणाला गाणं सोड नाहीतर घर सोड. त्यांनी घर सोडलं. पहिला अल्बम १९९८ चा, २००१ ला 'व्हर्टिगो' आला आणि मग जॅझवाल्यांना दखल घ्यावीच लागली.

आता 'गुणगुणणं'. ख्यालात तानपुरा सतत सा देत असतो, पेटीवाला तुमच्या मागोमाग येतो. जॅझमध्ये पियानोवाला तुमची चाल वाजवतच नाही, त्याचे कॉर्ड (एकत्र वाजवलेले सूर) दर एक-दोन बारला, म्हणजे साधारण चार मात्रांच्या गटाला, बदलतात आणि त्या हलत्या जमिनीवर तुम्ही एकट्याने चाल धरून उभं राहायचं. बऱ्याच गाण्यांत आठ-आठ बारचे चार तुकडे, त्यातला कुठला चाललाय हे मनात पक्कं नसेल तर अख्खा बँड अडकतो. वर लयीच्या किंचित मागे राहून शब्द टाकायचा आणि तरी लय सुटता कामा नये. हे करून बघा आणि मग सोपं म्हणा.

'व्हर्टिगो'मध्ये एक ट्रॅक आहे, 'डिक्सी' आणि 'स्ट्रेंज फ्रूट' एकत्र. डिक्सी म्हणजे गुलामगिरी टिकवायला लढलेल्या दक्षिणेचं लाडकं गाणं. ते ही दक्षिणेतलीच काळी बाई संथ लयीत, जवळजवळ मायेने म्हणते आणि त्यातूनच 'स्ट्रेंज फ्रूट'मध्ये, झाडाला लटकवलेल्या काळ्या माणसांच्या गाण्यात शिरते. मधे कुठे ओरडणं नाही, आवाज दाखवणं नाही. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा लोकलमध्ये होते, माझं स्टेशन मागे गेलं तरी कळलं नाही. वीस वर्षांच्या मुलीकडून हे येईल असं मला वाटत नाही.

खर्जसाधक
ताई, तुम्हीच माझा मुद्दा सिद्ध केलात. बाई शाळकरी वयात बँडमध्ये गात होत्या म्हणजे कान तयार होता, गळा तयार होता, मधली वीस-बावीस वर्षं फक्त झाकण होतं. हे उदाहरण त्या माणसाला कशाला देता ज्याने आयुष्यात कधी आरोहसुद्धा म्हटला नाही?

मी शिकवतो म्हणून बोलतोय. पंचेचाळीस-पन्नासचे लोक येतात, पहिल्याच दिवशी विचारतात सर, यमन किती दिवसांत बसेल. अलंकार म्हणायला सांगितले की कंटाळतात, फोनवर माझं रेकॉर्डिंग करतात आणि पुढच्या आठवड्यात घरी एकदाही न ऐकता येतात. तीन महिन्यांत गायब. मग बाहेर सांगतात की सरांनी प्रोत्साहन दिलं नाही. यांना असल्या गोष्टी सांगून क्लासला पाठवणारे मोकळे, तोंड देतो आम्ही.

आणि गळ्याचं शास्त्र आहे. द्रुत तान चाळिशीत नव्याने बसत नाही. ज्यांची बसली त्यांची दहाव्या वर्षी बसली होती.

म्हापश्याचो
मला वेगळाच राग आलाय. 'माईकपुढे गुणगुणणं' हे वाक्य. तुम्हा लोकांना जॅझ म्हणजे हॉटेलातलं, दारूबरोबरचं संगीत वाटतं, पहिल्यापासून. अहो १९३५ साली लिऑन अ‍ॅबी या अमेरिकन जॅझवाल्याचा बँड मुंबईच्या ताजमध्ये वाजवत होता. त्यांच्यासारख्यांचं ऐकून आमचे गोंयकार पोरगे तयार झाले, जे चर्चच्या शाळेत नोटेशन शिकून आले होते. सी. रामचंद्रांच्या गाण्यांतला जो स्विंग तुम्ही कौतुकाने ऐकता त्यात चिक चॉकलेट या आमच्या गोंयकाराच्या ट्रम्पेटचा केवढा वाटा आहे. नाव किती जणांना माहीत होतं? संगीतकाराचं नाव मोठं, वाजवणाऱ्याचं कुठेच नाही.

आणि परत येण्याचं म्हणाल तर आमची कोंकणी गायिका लॉर्ना. संगीतकार ख्रिस पेरीबरोबर गाजली, मग कित्येक वर्षं गप्प, आणि १९९५ ला पुन्हा उभी राहिली तेव्हा गोव्यात लोक रडले. तिला कुणी विचारलं नाही की बाई तुझी तालीम कुठली.

डेन्व्हरकर
रेने मरी एवढी डोक्यावर घ्यायच्या आधी २००८ पण आठवा. मी तेव्हा डेन्व्हरमध्येच होतो, अजून आहे. १ जुलैला महापौरांचं वार्षिक भाषण, बाईंना राष्ट्रगीत म्हणायला बोलावलेलं. त्यांनी अमेरिकन राष्ट्रगीताच्या चालीवर शब्द म्हटले 'लिफ्ट एव्हरी व्हॉइस अँड सिंग' या काळ्या लोकांच्या गाण्याचे. कुणालाही आधी न सांगता. गव्हर्नरनी नापसंती दाखवली, ओबामांनी सुद्धा सांगितलं की राष्ट्रगीत म्हणायला बोलावलं तर राष्ट्रगीतच म्हणायला हवं होतं. बाईंनी माफी मागितली नाही. उशिरा आलेली माणसं अशी घाईत असतात, नाव व्हायला काहीतरी करायचं असतं.

जुई_ठाणे
@डेन्व्हरकर नाव व्हायला? तोपर्यंत त्यांचे कितीतरी अल्बम येऊन गेले होते. आणि त्यांना मिळालं काय, शिव्याच ना. ते शब्द जेम्स वेल्डन जॉन्सन या काळ्या कवीने १९०० साली लिहिले, काळ्या लोकांच्या घरात, चर्चमध्ये ते राष्ट्रगीतासारखंच उभं राहून म्हणतात. अमेरिकन राष्ट्रगीताची चाल तरी कुठे अमेरिकेची आहे, ती लंडनच्या एका क्लबच्या गाण्याची. म्हणजे दुसऱ्याच्या चालीवर आपले शब्द बसवायचे हीच तिथली मूळ परंपरा.

डेन्व्हरकर
चालीचा इतिहास मला माहीत आहे, धन्यवाद. मुद्दा विश्वासाचा आहे. आयोजकाने एक सांगितलं, तुम्ही हो म्हणालात आणि उभं राहून दुसरंच केलंत.

सातारी_बाप
डेन्व्हरकरांशी शंभर टक्के सहमत. इकडे आमच्या भागात एका मंडळाने गणपतीत नाट्यगीतांचा कार्यक्रम ठेवला, म्हातारी माणसं सतरंजीवर सकाळपासून जागा धरून बसलेली आणि गायकाने सगळा वेळ स्वतःच्या गझला म्हटल्या. माझे वडील तेव्हा ऐंशीचे, त्यांना फक्त एक 'नाथ हा माझा' ऐकायचं होतं. घरी येईपर्यंत बोलले नाहीत. कलाकाराचं स्वातंत्र्य वगैरे ठीक आहे पण समोरच्याला काय कबूल केलं होतं त्याला काही किंमत आहे का नाही?

म्हापश्याचो
गझला विकणं आणि हे एकच? ज्या राष्ट्रगीतात 'स्वतंत्र माणसांची भूमी' म्हणतात ते १८१४ साली लिहिलं तेव्हा तिच्या पूर्वजांना बाजारात विकत होते. तिला त्या मंचावर काय वाटलं असेल ते तुमच्या सतरंजीवरून कळणार नाही.

सातारी_बाप
माझ्या वडिलांच्या सतरंजीवर घसरायची गरज नव्हती. मी बाईंच्या दुःखाबद्दल एक शब्द वाईट बोललेलो नाही. सांगून करा एवढंच म्हणतोय.

जुई_ठाणे
सांगितलं असतं तर म्हणू दिलं असतं का? त्या ऑगस्टमध्ये त्याच शहरात ओबामांना पक्षाची उमेदवारी मिळणार होती, अख्ख्या देशाचं लक्ष तिकडे. महापौरांच्या ऑफिसने साफ नाही म्हटलं असतं आणि विषय संपला असता. त्यांनी ते गाणं नंतर टाकूनही दिलं नाही, २०११ च्या अल्बममध्ये घेतलं. एका दिवसाच्या प्रसिद्धीसाठी केलेलं माणूस तीन वर्षांत सोडून देतं.

डेन्व्हरकर
बरं, प्रसिद्धीसाठी केलं हे वाक्य सोडतो. पण फसवलं हे सोडणार नाही. आमच्या ऑफिसमधल्या काळ्या सहकाऱ्यांमध्येच त्यावरून दोन तट पडले होते, ते मी समोर बघितलंय.

मीरा_निवृत्त
मी इथे सहसा वाचतेच फक्त. तुम्ही सगळे राष्ट्रगीतावर भांडताय आणि 'गाणं सोड नाहीतर घर सोड' या वाक्यावरून सगळे पुढे निघून गेलात.

मी विशारद. लग्नानंतर पहिल्या दिवाळीत सासऱ्यांनी पाहुण्यांपुढे गायला लावलं, कौतुक केलं, आणि पाहुणे गेल्यावर सांगितलं की आता एवढं पुरे, आपल्याकडे पेटी बाहेर काढून बसायची पद्धत नाही. कुणी मारलं नाही, ओरडलं नाही. पेटी कपाटावर गेली, वरून चादर टाकली. मग मुलं, मग सासूबाईंचं आजारपण, मग नोकरीतल्या बदल्या. निवृत्त झाल्यावर पेटी खाली काढली तर भाता फाटलेला आणि दोन सूर नुसते फुसफुसतात. नवऱ्याने दुरुस्त करून आणली, काही बोलले नाहीत.

खर्जसाधक सर, तुम्ही म्हणता मधली वर्षं फक्त झाकण होतं. झाकणाखाली काय होतं ते मला विचारा. रोज पोळ्या लाटताना मी मारवा म्हणायचे, आवाज न काढता. जिला चाळिशीत किंवा साठीत गावंसं वाटतं तिची निम्मी उदाहरणं अशीच निघतील. ती 'नव्याने' आलेली नसते, तिला कुणीतरी अडवलेलं असतं. मी तुमच्या क्लासला आले असते तर तुम्ही मला पण फोनवर रेकॉर्डिंग करणाऱ्यांतच धरलं असतं.

गंधार७
मीराताई, वाचून गलबललं.

मला आकड्यात बोलायचंय. २०१७ च्या ग्रॅमीला जॅझ गायनाच्या अल्बमची पाच नामांकनं होती. त्यात रेने मरी. त्यात कॅथरीन रसेल, जिने वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या मागे कोरसमध्ये गाऊन पन्नाशीच्या उंबरठ्यावर स्वतःचा पहिला अल्बम काढला. आणि जिंकला ग्रेगरी पोर्टर, जो कॉलेजात फुटबॉलच्या स्कॉलरशिपवर गेला होता, खांदा गेला म्हणून खेळ सुटला, ब्रुकलिनमध्ये भावाच्या हॉटेलात स्वयंपाक करायचा, पहिला अल्बम २०१० ला म्हणजे अडतिसाव्या वर्षी. पाचातले तीन उशिरा आलेले! आणि अल्बर्टा हंटर तर वीस वर्षं न्यूयॉर्कमध्ये नर्स होती, हॉस्पिटलने सत्तरीची समजून निवृत्त केलं, खरं वय ब्याऐंशी, आणि त्याच १९७७ साली ग्रीनिच व्हिलेजच्या कुकरी क्लबमध्ये गायला लागली.

आपल्याकडे वसंतराव देशपांडे. मिलिटरी अकाउंट्समध्ये नोकरी करत होते. 'कट्यार' रंगभूमीवर आलं १९६७ ला, वसंतराव तेव्हा सत्तेचाळिशीचे.

खर्जसाधक
वसंतरावांचं नाव घेतलंत म्हणून उठून बसलो. त्यांनी नोकरी उशिरा सोडली, गाणं लहानपणापासून होतं, किती गुरूंकडून घेतलं ते सगळ्यांना माहीत आहे. पोर्टरसुद्धा आईच्या चर्चमध्ये गातच वाढला. तुमच्या यादीत ज्याने चाळिशीत पहिला सूर लावला असा एक तरी माणूस दाखवा. नाही दाखवता येणार. तेव्हा माझं मूळ म्हणणं जागेवर आहे.

जॅझ सोपं आहे हे मात्र मी न ऐकता लिहिलं होतं. जुईताईंनी सांगितलेला ट्रॅक काल रात्री ऐकला. बाईंचा श्वास कुठे तुटत नाही आणि डिक्सीच्या शेवटाला सूर जिथे सोडलाय तिथून पुढचं गाणं उचलणं फार अवघड आहे. एवढं मान्य. राष्ट्रगीताच्या भांडणात मला घेऊ नका.

मीराताई, तुमच्यासाठी वेगळं लिहितो. विशारद आहात तर तुम्हाला नवशिके कोण म्हणेल. पूर्वी काळी पाचच्या पट्टीत गात असाल तर तो हट्ट सोडा, साठीनंतर बायकांचा आवाज उतरतो, पांढरी पाच ही खालची पट्टी लावा. तार सप्तकाकडे महिनाभर बघू नका, सकाळी मंद्र पंचमापर्यंत सावकाश खाली जा. मारवा नंतर, त्यात सा हरवतो. आधी भूप नाहीतर यमन. दोन सूर फुसफुसत असतील तर पेटीवर अवलंबून राहू नका, तानपुऱ्याचं ॲप लावा.

डेन्व्हरकर
राष्ट्रगीताच्या भांडणात कुणालाच यायचं नाहीये असं दिसतंय, पण मी ते सोडलेलं नाही. जुईताईंनी एवढंच सांगावं की आयोजक त्यांच्या ओळखीचा असता तर त्या काय म्हणाल्या असत्या.

जुई_ठाणे
हेच म्हणाले असते. आयोजकाची पंचाईत झाली याचं मला वाईट वाटतं, पण त्या तराजूत मी बाईंच्या बाजूने बसते.

मीरा_निवृत्त
सर, पांढरी पाच आज लावली. बरं वाटलं, खालचा पंचम लागतो अजून. मारवा मी सोडणार नाही, तो मला कुणी शिकवलेला नाही, माझाच आहे. आणि 'खोटी आशा' हे शब्द तुमच्या त्या पहिल्या पोस्टमध्ये अजून तसेच आहेत. ते काढा.