मदत हवी आहे: अंड्यातच नर-मादी ओळखायचं कसं?

माणदेशी_वारा (विटा): उबवणी मशीनला अंडी लावलीत. तलंगाच (मादी पिल्लंच) पाहिजेत, नर पोसणं या खाद्याच्या भावात परवडत नाही. बॅटरी लावून ओळखता येतं का? शनिवारी गिऱ्हाइकाला शब्द द्यायचाय, लवकर सांगा.

वारणाकाठ: कितवा दिवस? जात कुठली?

मिरजेची_काकी: टोकदार अंड्यातनं कोंबडा, गोल अंड्यातनं कोंबडी. सासूबाई खुडूक कोंबडीखाली तशीच निवडून ठेवायच्या.

कोयना७: काकी, राग मानू नका. एक कोंबडी साधारण एकाच घाटाची अंडी घालते, मग टोकदार अंडी घालणारीला सगळे कोंबडेच झाले असते. कोंबडीकडून झेड गुणसूत्र आलं तर नर, डब्ल्यू आलं तर मादी. बॅटरीवर सातव्या दिवशी शिरांचं जाळं दिसतं, अंडं भरलंय का एवढंच कळतं.

मिरजेची_काकी: आमची निम्मी तरी बरोबर यायची.

कोयना७: निम्मी न निवडताही येतात.

कराडकर_पोल्ट्री: अठराव्या दिवशी अंडी फिरवणं बंद करा, ओलावा वाढवा. पिल्लांना आठवड्याच्या आत लासोटा (राणीखेत म्हणजे मानमोडीची लस) द्या.

माणदेशी_वारा: ते माहीत आहे हो. दहावा दिवस, जात आरआयआर (ऱ्होड आयलंड रेड), दोनशे अंड्यांचं मशीन. परदेशात अंड्यातच ओळखतात म्हणे?

कोयना७: ओळखतात. जर्मनीत १ जानेवारी २०२२ पासून नर पिल्लं मारायला बंदी आहे. एका पद्धतीत नवव्या दिवशी लेसरने कवचाला बारीक भोक पाडून थेंबभर द्रव काढतात नि संप्रेरक तपासतात. दुसरं यंत्र कवचातनं उजेड टाकून पिसांचा रंग बघतं, पण नर-मादीचा रंग वेगळा असलेल्या जातीतच. हे सगळं मोठ्या हॅचरीचं काम, दोनशे अंड्यांचं नाही.

वारणाकाठ: नर आखाडापर्यंत ठेवा, गावरान म्हणून हातोहात जातील.

कराडकर_पोल्ट्री: आरआयआर गावरान म्हणून विकणं ही फसवणूक आहे. असल्यांमुळे आमच्या खऱ्या गावरानला भाव मिळत नाही.

वारणाकाठ: गिऱ्हाईक चव बघतं, जात नाही.

कोयना७: भांडण नंतर. दादा, पुढच्या खेपेला आरआयआरचा कोंबडा पट्टेरी प्लायमाउथ रॉक कोंबड्यांवर सोडा. पिल्लं काळी निघतात, डोक्यावर पांढरा ठिपका असला की नर. पहिल्याच दिवशी वेगळे करता येतात. उलटी जोडी लावली तर हे जमत नाही.

माणदेशी_वारा: त्या कोंबड्या मिळतात कुठे? आणि शनिवारचं काय?

कोयना७: शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारून बघा. गिऱ्हाइकाला जगलेल्या पिल्लांच्या निम्म्याच तलंगा सांगा, वर एकही नको.